हरणाबाईनं बसवलेलं मोहोळ

बेंबळीच्या हरणाबाईचा जन्म मेंढरांमागं गेला. गुडघे दुखायला लागले तसा तिनं कळप धाकट्या दिराच्या हवाली केला आणि ती रानातल्या कोठ्यावर, जनावरांच्या छपरात, बसून राहू लागली. त्याच साली तिची सून अक्षदा प्रशिक्षण घेऊन मधमाश्यांची एक भरली आणि एक रिकामी पेटी घेऊन आली. पण अक्षदा अंगणवाडीत कामाला. दिवसभर पेटीपाशी असायची ती हरणाबाईच.

माघात धने पेरलेलं रान फुलून पांढरं झालं आणि पेटीत माशा मावेनात. अक्षदानं उघडून पाहिलं, तर पोळ्याच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेएवढी घरं लोंबत होती. त्यांत नव्या राण्या वाढतात. त्या निपजायच्या आधीच जुनी राणी निम्म्या माशा घेऊन उठते, घर सोडून जाते, असं तिनं सासूला सांगितलं. दोघींनी ती घरं कापून टाकली. पोळ्याच्या बाकात दडलेलं एक मात्र नजरेतून सुटलं.

दोन दिवसांनी, दहाच्या सुमाराला, माशा उठल्या. हरणाबाई एकटीच होती. गुडघे विसरून ती वर बघत चालत राहिली. शेजारच्या महालिंगप्पांच्या बांधावर, बाभळीच्या फांदीला तो सगळा गोळा बसला. माशा बैलांना चावतील म्हणून महालिंगप्पा वाळली पेंढी पेटवायच्या बेतात होते.

"पेटवू नका," हरणाबाई म्हणाली. "पोट भरून निघाल्यात त्या. आत्ता कुणाला चावायच्या न्हायीत."

आणि त्यांचा विश्वास बसावा म्हणून तिनं उघडा हात त्या गोळ्याला लावला. हात हलू दिला नाही. एकही माशी चावली नाही. महालिंगप्पांनी पेंढी खाली ठेवली. मग तिनं खाली दुरडी धरली, त्यांना फांदी हलवायला लावली, आणि वर लुगड्याचा धडपा झाकून माशा रिकाम्या पेटीत आणून सोडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पेटीतूनही उठल्या. पुन्हा तीच बाभळ.

अक्षदा रडकुंडीला आली. हरणाबाई मात्र पेटीपुढं बसून विचार करत होती. तिनं मेंढ्या पाहिल्या होत्या. कोकरू वाड्यात असलं की मेंढी लांब जात नाही.

"त्या रिकाम्या घरात त्यांचं काय हाय?" ती म्हणाली. "जुन्या पेटीतली लेकरांची एक चौकट दे आत."

अक्षदाला प्रशिक्षणातलं आठवलं. हेच तिथं सांगितलं होतं आणि घाईत ती विसरली होती. तिनं अळ्यांनी भरलेली पोळ्याची चौकट नीट निरखून, राणीचं घर नाही ना बघून, नव्या पेटीत बसवली. हरणाबाईनं पुन्हा दुरडी भरून आणली. या खेपेला माशा राहिल्या. तिसऱ्या दिवशी पायांना पिवळा पराग लावून त्या आत शिरताना दिसल्या, तेव्हा सासू-सुनेनं तिथंच बसून चहा घेतला.

यंदा पुन्हा धने फुलले, आणि एके दिवशी अक्षदा कामावरून आली तर कोठ्यामागं तिसरी पेटी मांडलेली. माशा उठायच्या आधीच हरणाबाईनं जुनी राणी दोन चौकटींसकट तिच्यात हलवली होती.

"आत्या, कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी न्हाय," हरणाबाई म्हणाली. "आत दाटी झाली हुती."