त्या दिवशी गाडीत मी होते

अपघात म्हणावा इतका तो मोठा नव्हताच. आम्ही भिवापूरहून परत येत होतो, मी आणि काका. वर्षभराच्या तिखटाची मिरची आणायला गेलो होतो. नागपूर जवळ आलं, गर्दी लागली, पुढचा ट्रॅक्टर थांबला आणि काकांचा ब्रेक जरा उशिरा लागला. एवढंच. ट्रॉलीच्या मागच्या लोखंडावर आमची गाडी आपटली. मागं जागा नव्हती म्हणून एक पोतं माझ्या मांडीवर होतं, त्यामुळं पट्टाही लावला नव्हता. मी उजवा हात पुढं टेकला आणि तो मनगटात मोडला. पोतं फाटलं. गाडीभर मिरच्या, आणि आम्ही दोघं शिंकतोय.

ट्रॅक्टरवाला उतरून आला. काच फुटलेला दिवा बघितला, काकांकडं बघितलं आणि म्हणाला, "काका, मिरची पेरून राहिले का रोडवर?" मला हसू आलं. हसताना हात हलला, तेव्हा कळलं की काहीतरी मोडलंय.

हे काका माझे कोणी नव्हेत. माझं माहेर कोल्हापूरच्या बाजूला, पार डोंगरात. सातवीनंतर शाळा सुटली, मग लग्न झालं. नवरा रस्त्याच्या कामावर होता, त्याच्या मागोमाग नागपूरला आले. पुढचं काम दुसऱ्या राज्यात निघालं, तो तिकडं गेला आणि परतलाच नाही. माहेरी तोंड दाखवायची लाज वाटत होती. तेव्हा या काकांनी मला घरात ठेवून घेतलं. काकूंना लकवा झाला होता, डावं अंग गेलेलं. त्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, जेवू घालायचं, हे माझं काम. पण कामवाली म्हणून त्यांनी मला कधी वागवलं नाही. कोणी विचारलं तर काका सांगायचे, "आमची पोरगी आहे, कोल्हापूरची." आणि स्वतःच हसायचे. ते ऐकायला मिळावं म्हणून मी उगाच पाहुण्यांपुढं पाणी घेऊन जायची.

दवाखान्याच्या दारात काका थांबले. त्यांनी घरी फोन लावला. काकूंची जीभ जड, पण डोकं तेज. त्या म्हणाल्या, "पडली म्हणा. ॲक्सिडेंट म्हटलं का पोलीस आलेच समजा."

यात काही वावगं आहे असं आम्हा कोणालाच वाटलं नाही. आमच्या गावीही तसंच. कोणाचंही हाड मोडलं तरी दवाखान्यात सांगताना ते घरीच मोडतं. कोण बसणार ठाण्याच्या फेऱ्या मारत? काकांनी डॉक्टरांना सांगितलं, "अंगणात घसरली." डॉक्टरांनी माझ्या केसांतून मिरचीचं एक बी काढलं, दोनदा शिंकले आणि विचारलं, "अंगणात मिरच्या वाळू घातल्या होत्या वाटतं?" मी मान हलवली. त्यांनी तसं लिहून घेतलं. प्लास्टर होईपर्यंत काका माझी चप्पल हातात धरून बाहेर उभे होते. ते बघून मला वाटलं, माझा बापही असा उभा राहिला नसता.

पुढचे दिवस खरं सांगायचं तर सुखाचे होते. काकूंचा उजवा हात चालायचा, माझा डावा. दोघी मिळून एका बाईची कामं करायचो. उरलेल्या मिरच्यांची देठं खुडायला बसलो तेव्हा मी मिरची धरायची आणि त्या देठ ओढायच्या. काकू म्हणायच्या, "घट्ट धर वं. कोल्हापूरचे लोक मिरचीले भेतात का?" त्यांना उठवायला काका मदतीला यायचे. कधी मला कुंकू लावता येईना, तर काकूच लावायच्या, तेही वाकडं. त्याच कुंकवानं मी बाजारात जाऊन यायची.

मग विमा कंपनीचा माणूस गाडी बघायला आला. गाडी अंगणातच उभी होती. त्यानं मोबाईलवर फोटो काढले, वाकून खालून बघितलं. मी डाव्या हातानं चहाचा एकेक कप आणत होते.

"गाडीत कोण कोण होतं?" त्यानं विचारलं.

"एकटाच होतो," काका म्हणाले.

त्याची नजर माझ्या प्लास्टरवर गेली. "आणि यांना?"

"ती अंगणात घसरली." काका जरा थांबले. "कामाले आहे आमच्याकडे."

दवाखान्यात जे सांगितलं तेच त्यांना पुढं चालवावं लागलं, हे मला कळत होतं. कागद एक आणि तोंड दुसरं, असं झालं असतं तर अडकले असते. अंगणात घसरली, इथपर्यंत मी समजून घेतलं. पण पुढचं त्या माणसानं विचारलंच नव्हतं. मी आत गेले. दुसरा कप ओट्यावर होता, तो न्यायचा राहिला. काकूंनी विचारलं, "काय झालं वं?" म्हटलं, "काही नाही. चहा उतू गेला."

गाडीचं काम झालं. नवा दिवा, नवा बंपर, रंगही झाला. माझं प्लास्टर निघालं तेव्हा मात्र मनगट वाकडं दिसत होतं आणि मूठ मिटत नव्हती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर जोर येईल, उशीर करू नका. खर्च ऐकून काकांनी डॉक्टरांचा कागद घडी करून खिशात ठेवला. त्यांच्या पेन्शनमध्ये काकूंची औषधंच कशीबशी बसायची, हे मला त्यांच्याइतकंच ठाऊक होतं. एका रात्री काकूंना उठवताना माझ्या हातातून त्या सुटल्या. पलंगाच्या कडेवर टेकल्या म्हणून वाचल्या. त्या रात्रीनंतर मला एकच धास्ती. हात असाच राहिला तर हे घर सुटणार.

अशात गाडीचा विमा काढून देणारा काकांचा ओळखीचा माणूस कसल्याशा सहीसाठी आला. काकूंनी बसल्या बसल्या बोलून टाकलं, "गाडी नीट झाली तुमची. हिचा हात तसाच राहिला, त्याच गाडीत मोडला तो."

तो माणूस चमकला. "मग सांगितलं काहून नाही, काकाजी? बसणाऱ्यांचाही विमा होता त्यात."

तो मला समजावू लागला, सावकाश, लहान मुलीला सांगावं तसं. दवाखान्याच्या कागदावर अंगण आहे. कंपनीला काका एकटे होते असं सांगितलंय. आता काकांनी स्वतः ऑफिसात जाऊन सांगितलं की ही गाडीत होती, तर पुढं काही होऊ शकेल. होईलच असं नाही. पोलिसांतही जावं लागेल, काकांना प्रश्न विचारतील. पण दुसरा रस्ता नाही.

तो गेल्यावर काका म्हणाले, "जाऊ आपण. खरं ते खरं. मी सांगतो."

मी त्यांच्या पाया पडले. मला ऑपरेशनपेक्षा ते एक वाक्य हवं होतं. ही गाडीत होती. काकांनी कोणापुढं तरी ते म्हणावं, मग पैसे मिळोत न मिळोत.

सीताबर्डीला, जिना चढून वर ऑफिस होतं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शेजारणीला काकूंजवळ बसवून आलो होतो. नंबराची चिठ्ठी घेतली, खुर्च्यांवर बसलो. पंखा जोरात होता आणि चिठ्ठी उडेल म्हणून काकांनी ती मुठीत धरली होती. मी मनातल्या मनात माझं बोलणं तयार करत होते. साहेब शुद्ध बोलतील, मला जमेल का, सही कुठं करायची, डाव्या हाताची सही चालेल का.

भिंतीवरच्या पाटीवर आमचा नंबर लागला.

"काका, आपला नंबर."

"हो."

ते उठले नाहीत. काचेपलीकडची मुलगी मान वर करून बघत होती. मी पुन्हा म्हटलं, "काका." त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले, जोर केला असं दिसलं, आणि तसेच बसून राहिले. पाटीवर पुढचा नंबर आला. एक बाई पिशवी सावरत आमच्या पुढून गेली.

"मले लबाड म्हणतील वं इथं," ते हळू म्हणाले. "जन्मभर नोकरी केली, कोणी बोट नाही दाखवलं."

त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की मला माझ्यापेक्षा त्यांचंच वाईट वाटलं. आणि रागही आला. दोन्ही एकदमच आलं. शेवटी म्हटलं, "चला. काकू वाट बघत असतील."

खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "उसाचा रस घेते का?" मला नको होता, पण मी पूर्ण ग्लास प्यायले. नाही म्हटलं असतं तर ते तिथंच, रस्त्यात, रडले असते.

काकूंना उठवणं मला जमेना, तेव्हा पुण्याला असलेला त्यांचा मुलगा आला आणि त्यानं दुसरी बाई ठरवली. तो वाईट वागला नाही. मुलींच्या एका वसतिगृहात माझ्यासाठी शब्द टाकला. फाटकाजवळ बसायचं, आल्यागेल्याकडं बघायचं, हाताला जोर लागत नाही. नव्या बाईला काकूंना कसं उठवायचं ते मीच शिकवलं. खांद्याखालून हात घाल, आधी त्यांना सांग, मग उचल. काकू तेवढा वेळ भिंतीकडं बघत होत्या. निघताना काकांनी तिखटाचा डबा दिला. मी तो घेतला. त्या घरानं मला दिलं ते मी विसरणार नाही, विसरताही येणार नाही.

दर रविवारी काकांचा फोन येतो. परवाही आला. ऊन, काकूंची भूक, शेजारचं लग्न, सगळं झालं. गाडीचा विषय आम्ही काढत नाही. मग त्यांनी नेहमीचं विचारलं.

"हात कसा आहे?"

"बरा आहे."

"मूठ होते का आता?"

मी मांडीवरच्या हाताकडं बघितलं. बोटं अर्ध्यावर येऊन थांबतात. "होते," म्हटलं.

"होते म्हणते!" काका आत वळून ओरडले. किती दिवसांनी त्यांचा आवाज तसा मोकळा ऐकला.

मागून काकूंचा जड आवाज आला, "मग तिले ये म्हणा ना घरी."

काकांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता. फाटकावर कुठलीशी मुलगी ताई, ताई म्हणून हाक मारत होती, तिला दार उघडून हवं होतं.