साडूंनी गोव्याला नेलेली वाईन

गोव्याहून बाटल्या आणणारी माणसं मी ढिगानं पाहिली आहेत. गादीच्या वळकटीतून आणणारी, फणसाच्या पोत्यातून आणणारी, एकानं तर तान्ह्या पोराच्या दुपट्यातून आणलेली. पण मुंबईहून बोटीत बसून उलट गोव्याला बाटल्या घेऊन जाणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात एकच झाला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. तोही कसा, तर जन्मात दारूचा थेंब न चाखलेला! बायको निदान बघून तरी करता येते हो. साडू मात्र जो पदरी पडेल तो पवित्र.

मी त्यांना भाऊ म्हणायचो. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात ते कामाला होते. तिथं नोटांचं काम, त्यामुळे सुटताना रोज फाटकावर झडती. डबा उघडा, चपला काढा, हात वर करा. दुसऱ्या कुणाला त्याचा वैताग आला असता, भाऊंना त्याची गोडी लागली. कुणी विचारायच्या आत आपलं सगळं उघडून दाखवायचं, हा त्यांचा धर्मच होऊन बसला. शहर बसमध्ये चढले की आधी कंडक्टरसमोर पिशवी पसरायचे. "काका, पैसे काढा, भेंडी काय दाखवताय?" असं तो ओरडला तरी भाऊ एकेक जुडी वर काढून दाखवणार. आमच्याकडे जेवून निघाले की दारात उभं राहून खिसे उलटे करायचे. "अहो भावजी, आमच्या घरात चोरण्यासारखं आहे तरी काय?" असं माझी बायको हसून म्हणायची. "प्रश्न तुमच्या घराचा नाही, माझ्या सवयीचा आहे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. बोलण्याचंही तेच. लग्नात जेवून निघताना "कसं झालं?" असं चुकून विचारलंत तर मठ्ठा आंबट होता, जिलबी कालची होती आणि नवरदेव सासऱ्यापेक्षा वयस्क दिसत होता, हे सगळं ते मांडवाच्या दारातच सांगून मोकळे व्हायचे. यजमानांनाच.

दारूचा त्यांना भलता तिटकारा. कॉलनीत त्यांनी दारूबंदी मंडळ काढलं होतं. त्याचे अध्यक्ष तेच, चिटणीस तेच आणि सभासदही तेच. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर 'अल्कोहोल' हा शब्द दिसला म्हणून माणूस पावसाळाभर खोकत राहिला. माझ्याकडे त्या वेळी परमिट होतं. तेव्हा ते प्रकृतीच्या कारणावर मिळायचं, म्हणजे डॉक्टरनं लिहून द्यायचं की या गृहस्थाला दारूवाचून धोका आहे. सगळं गाव त्याला हसायचं. भाऊंनी मात्र तो कागद वाचला आणि शब्दन् शब्द खरा मानला. तेव्हापासून मी दिसलो की खांद्यावर हात ठेवून, "आता कसं वाटतं?" असं हळू आवाजात विचारायचे. मीही जरा पडेल चेहरा करायचो.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी शोभा, ती कुणाच्या प्रेमात पडावी? ओझरला नोकरी करणाऱ्या एका गोव्याच्या ख्रिश्चन पोराच्या. पोरगा सोन्यासारखा. धर्माचं म्हणाल तर भाऊंनी ते चार दिवसांत गिळलं, तेवढे ते मोठ्या मनाचे होते. पण मुलाचे वडील बोलणी करायला आले आणि घात झाला. ते म्हातारे गृहस्थ जन्मभर परदेशी बोटींवर वाढपी होते. आपल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी घरी केलेली वाईनची एक बाटली आणली, बोटीतून, मग रेल्वेतून, छातीशी धरून. "ही आमच्या हातची," म्हणत त्यांनी ती भाऊंच्या पुढ्यात ठेवली. भाऊंनी बाटली उचलली, बूच काढलं आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत मोरीत नेऊन ओतली. वर रिकामी बाटली धुऊन परत दिली. म्हाताऱ्यानं ती घेतली, टोपी घातली आणि स्टेशनची वाट धरली. शोभानं पुढे रजिस्टर लग्न केलं, नवऱ्यानं तिकडेच नोकरी धरली आणि दोघं गोव्याला गेली ती गेलीच.

तीन दिवाळ्या पोर आली नाही. आमची आक्का, म्हणजे भाऊंची बायको, चकल्या तळताना डोळे पुसायची आणि धुराला शिव्या द्यायची. मग कळलं की शोभाला मुलगा झाला. त्या दिवशी आक्कानं झारा खाली ठेवला. "त्यांची बाटली ओतलीत ना? ती भरून द्या. मग मला माझा नातू दाखवा. नाही जमत तर मी एकटी जाते," असं ती म्हणाली. बायका असं बोलतात, समजूतदार नवरे ऐकून सोडून देतात. भाऊंनी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साडूबुवा, मला वाईन करायचीय."

"करायची कशाला? विकत घ्या की."

"त्यांनी घरची आणली होती. मी विकतची देऊन सुटायचं? ते काही बरोबर नाही."

म्हटलं, आता झालं! पण माणूस हटतो कुठं? आधी दारूबंदी खात्याच्या कचेरीत जाऊन त्यांनी परवानगी मागितली. तिथला कारकून हसून हसून बेजार. "काका, घरी करणारे इथं विचारायला येत नाहीत," तो म्हणाला. भाऊ म्हणाले, "म्हणून तर मी आलोय." तीन खेपा घातल्यावर कुणीतरी साहेबानं वैतागून सांगितलं, "चार बाटल्या करा हवं तर, पण कृपा करून कुणाला सांगू नका." त्या संध्याकाळपर्यंत ही बातमी देवळालीपर्यंत पोचली होती, सांगणारे अर्थात भाऊच. द्राक्षं पिंपळगावच्या एका ओळखीच्या बागेतून आली. आक्काची लोणच्याची मोठी बरणी रिकामी झाली. पहिल्या वर्षीचा माल आंबून त्याचा शिरका झाला, आक्कानं त्यात कांदे बुडवून ठेवले. दुसऱ्या वर्षी भाऊंनी बुचं इतकी घट्ट ठोकली, की ऐन दुपारी बाटल्या फुटल्या आणि शेजारच्या बाई पोरांना घेऊन अंगणात पळाल्या. कॉलनी खो खो हसली. दारूबंदी मंडळाच्या अध्यक्षाच्या मोरीतून दारू वाहते, ही मजा कोण सोडतो? भाऊंनी काचा वेचल्या आणि पुढच्या हंगामाची द्राक्षं सांगून ठेवली. तिकडे नातू चालायला लागल्याचं कळलं, आक्का दिवस मोजत राहिली.

चाखायचं काम माझ्याकडे. ते स्वतः तोंड लावणार नव्हते आणि परमिट माझ्याकडे होतं. मी घोट घेतला की समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

"कशी आहे?"

"भाऊ, आंबट आहे."

"चिंचेसारखी की ताकासारखी?"

"ताकात चिंच घातल्यासारखी."

मग मान हलवत उठायचे. तिसऱ्या वर्षी मात्र माझ्या अंगावर काटा आला नाही. मी म्हटलं, "आता पिता येईल." एवढ्यावर त्यांनी गोव्याच्या बोटीची तिकिटं काढली. तीन बाटल्या, आक्का, डिंकाचे लाडू, नातवाचे कपडे आणि चाखणारा म्हणून मी.

जायच्या आधी सगळ्यांनी बजावलं, बाहेरची दारू बोटीवर नेऊ देत नाहीत, नीट लपवा. मीसुद्धा बाटल्यांना 'द्राक्षासव' अशी चिठ्ठी चिकटवली होती. भाऊंनी ती नखानं खरवडून काढली. धक्क्यावर ही गर्दी, हमालांचा आरडाओरडा, वळकट्या, कोंबड्या. शिडीपाशी पांढऱ्या कपड्यातला एक मालवणकडचा अधिकारी उभा होता. तो कुणाचं काही बघतही नव्हता, नुसता हातानं पुढं ढकलत होता. भाऊ त्याच्यापुढे थांबले, पिशवी उघडली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "दारू आहे. घरी केलेली. तीन बाटल्या."

त्या अधिकाऱ्यानं जन्मात असं वाक्य ऐकलं नसावं. त्यानं आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली केला. "काका, काढा असेल तो. काढा म्हणा आणि व्हा पुढं."

"काढा नाही. दारू आहे."

मी पुढं झालो. "साहेब, काढाच आहे. आमच्या घरचा."

"यांच्याकडे लक्ष देऊ नका," भाऊ म्हणाले. "यांची प्रकृती बरी नसते, यांना परमिट आहे."

मागची रांग खिदळायला लागली. अधिकाऱ्याचा पारा चढला. चार लोकांत दारू म्हणून सांगितल्यावर तो तरी काय करणार? "मग ती न्यायची नाही. समुद्रात ओता, नाहीतर इथंच राहा!"

'ओता' म्हटल्यावर भाऊंचा चेहराच उतरला. बोटीचा भोंगा झाला. आक्का ट्रंकेवर बसली होती ती उठली. तिनं लाडवांचा डबा कडेवर घेतला. "तुम्ही तुमचं खरं सांभाळा, मी नातवाकडे निघाले," असं म्हणून ती सरळ शिडी चढून गेली. मागं वळूनही पाहिलं नाही. भाऊ बाटल्या पोटाशी धरून खालीच उभे. मी अक्षरशः पाया पडलो. "भाऊ, नुसतं 'काढा' म्हणा हो. दोन अक्षरं!"

"आणि व्याह्यांना काय देऊ? काढा?" ते एकदम ओरडले. मग त्या अधिकाऱ्याकडे वळून म्हणाले, "हे बघा साहेब. एकदा एका भल्या माणसाची बाटली मी त्याच्यासमोर ओतली. माझी पोर सहा वर्षं माझ्याशी बोलत नाही. आता परत ओतणार नाही. तुम्ही पोलीस बोलवा, मला आत टाका, पण ही ओतणार नाही. आणि चोरूनही नेणार नाही. माफी काय पिशवीत लपवून न्यायची असते?"

मागून फ्रॉक घातलेली एक गोंयकार म्हातारी म्हणाली, "घे रे बाबा त्याला वर, बाप आहे तो." अधिकाऱ्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि बाटल्यांची पिशवीच भाऊंच्या हातातून घेतली. "माझ्या केबिनमध्ये कुलपात राहतील. पणजीला उतरताना मागून घ्या. आणि काका, तोपर्यंत कुणालाही काही दाखवू नका!" वर डेकवर आक्का आमच्या तिघांसाठी सतरंजी पसरून, जागा धरून बसली होती. "आलात?" एवढंच म्हणाली आणि पुढ्यात लाडू ठेवला.

व्याह्यांचं घर पणजीच्या जवळच, समोर माडांचं अंगण. शोभानं दार उघडलं. आईच्या गळ्यात पडली, बापाला नुसतं "या" म्हणाली. म्हातारे खुर्चीत बसले होते. भाऊंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. तिन्ही बाटल्या टेबलावर ओळीनं ठेवल्या. "तुमची मी ओतली होती. ही मी केलीय. तीन वर्षं लागली," ते म्हणाले आणि उभेच राहिले.

म्हाताऱ्यांनी ग्लास मागवला. थोडी ओतली, उजेडाकडे धरली, नाकाशी नेली, मग एक घोट घेतला. म्हाताऱ्यांनी डोळे मिटले, तोंड वेडंवाकडं केलं.

"बाब," त्यांनी गोव्याकडच्या मानानं हाक मारली, "खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"खूप वाईट झाली आहे."

भाऊ मटकन खाली बसले. शोभानं तोंडावर हात ठेवला. पण म्हाताऱ्यांनी ग्लास खाली ठेवला नव्हता. त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि परत भरला.

"वाईट आहे, तर पिता कशाला?" भाऊंनी विचारलं.

"घरचं आणलेलं आम्ही टाकत नाही, बाब," म्हातारे म्हणाले. "द्राक्षं फस्क्लास आहेत. करणारा गाढव आहे. हंगाम कधी तुमचा? मी येतो, शिकवतो." यावर शोभा आधी हसली, मग भडभडून रडली आणि आतून पोराला आणून तिनं सरळ भाऊंच्या मांडीवर बसवलं. केस ओढायला भाऊंना होतेच कुठं, पोरानं चष्मा ओढला.

म्हातारे खरंच आले. एकदा नाही, पुढे दर वर्षी द्राक्षांच्या दिवसांत यायचे. नाशिकरोडच्या त्या दोन खोल्यांच्या मागच्या अंगणात दोघं पाटावर बसून द्राक्षं कुस्करायचे आणि अखंड भांडायचे. ते कोकणीत, हे मराठीत. "साखर कमी!" "मग तुमच्या गोव्याला ऊस लावा!" कॉलनीतली माणसं ऐकायला कुंपणाशी जमायची. दारूबंदी मंडळ भाऊंनी स्वतःच सभा भरवून एकमतानं बरखास्त केलं. वाईन तयार झाली की म्हातारे एक घोट घ्यायचे, तोंड वेडंवाकडं करायचे, "वाईट झाली," म्हणायचे आणि ग्लास पुढं करायचे. भाऊ स्वतः कधी प्यायले नाहीत, पण हे ऐकताना त्यांचा चेहरा असा काही खुलायचा की विचारू नका. पुढे बोट बंद झाली. म्हातारे दुखऱ्या गुडघ्यांनी एसटीतून यायला लागले. आणि एका पावसाळ्यात ते गेले.

त्यानंतरच्या हंगामात भाऊ एकटेच पाटावर बसले. भांडायला कुणी नाही, त्यामुळे काम लवकर उरकलं. वाईन तयार झाल्यावर मला बोलावणं आलं. मी घोट घेतला आणि चाटच पडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती अव्वल उतरली होती, म्हातारे ज्या साखरेसाठी भांडायचे तेवढीच साखर या वेळी पडली होती. मी तोंड भरून तसं सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं, पण चेहरा हलला नाही. नुसते बुचाशी चाळा करत राहिले.

"चांगली आहे म्हणता," ते म्हणाले. "असेल. आता वाईट कोण म्हणणार, साडूबुवा?"

मी ग्लास संपवला, तोंड जमेल तेवढं वेडंवाकडं केलं आणि म्हटलं, "भाऊ, खूप वाईट झाली आहे. आणखी थोडी द्या."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि बाटली कलती केली.