चार ते सात नंबरच्या आकृत्या

माझी कंबर टीव्हीचा रिमोट उचलताना गेली. (गावात मी भाताची गोणी उचलताना गेली असं सांगितलं आहे.) मणक्यातली चकती सरकली म्हणून डॉक्टरांनी कडक अंथरुणावर झोपायला लावलं आणि आमच्या घरात वाटणी झाली. मी खाली लाकडी फळीवर, बायको वर पलंगावर. असे पाच महिने गेले.

बायको, म्हणजे सुरेखा, अंगणवाडीत शिकवते. पोरांबरोबर दिवसातून शंभर वेळा खाली बसायचं आणि शंभर वेळा उठायचं, त्यामुळे तिचे गुडघे आधीच कुरकुरत होते. मी एक्कावन्नचा, ती सेहेचाळीसची. दोघांचे चांगले भाग एकत्र केले असते तर एक धड माणूस कसाबसा तयार झाला असता.

व्यायामासाठी फिजिओथेरपी लिहून दिली होती. ती मुरबाडातही मिळते, पण मी मुरबाडच्या एका शाळेत क्लार्क आहे. निम्म्या तालुक्याच्या दाखल्यांवर माझं अक्षर आहे. कमरेला पट्टा लावून, पोटावर पालथा पडून मला निम्म्या तालुक्याला भेटायचं नव्हतं. म्हणून आम्ही सरळगाव, किन्हवली करत एसटीने शहापूरला जायचो. रस्ता असा की घरून बरा निघालेला माणूसही पोचेपर्यंत खरा पेशंट होतो.

शहापूरची मॅडम आमच्या मुलीच्या वयाची होती. चौथ्या खेपेला तिने मला वाकवून, वळवून पाहिलं आणि म्हणाली, "छान. आता रोजची सगळी कामं हळूहळू सुरू करा. काही विचारायचंय?"

"नाही," मी म्हणालो.

"आहे," सुरेखा म्हणाली. "मॅडम, रोजच्या कामांत नवरा-बायकोचं पण येतं का?"

भिंतीवर सांगाड्याचं चित्र होतं. मी त्यातले मणके मोजायला लागलो.

मॅडम अजिबात गडबडली नाही. "येतं ना. बरं झालं सरळ विचारलंत. काही लोक तर तीन-तीन महिने येतात आणि शेवटच्या दिवशी उशी कुठली घेऊ म्हणून विचारतात. मग मला ओळखावं लागतं."

तिने कपाटातून दोन पानं काढली. पहिल्यावर मथळा होता, 'कंबर व गुडघेदुखी असलेल्या जोडप्यांसाठी आरामदायी स्थिती'. खाली आकृत्या. त्यात आक्षेप घेण्यासारखं काही नव्हतं. गोल डोकी, काड्यांचे हातपाय आणि उशी म्हणजे काळा चौकोन. पहिलीच्या मुलाने आईबाबांचं चित्र काढावं तशी. एक ते तीन पहिल्या पानावर, चार ते सात दुसऱ्यावर. मॅडमने पेनाने समजावून सांगितलं. कुशीवर झोपायचं तर गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची. पाठीवर झोपणाऱ्याने गुडघ्यांखाली उशी आणि कंबरेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची. खुर्ची घेतली तर ती बिनहाताची. सुरेखा शेजारी बसून मन लावून ऐकत होती. माझे एव्हाना चाळीस मणके मोजून झाले होते. (माणसाला तेहेतीस असतात, हे मॅडमने नंतर सांगितलं.)

"घाई करायची नाही, दुखलं की लगेच सांगायचं," मॅडम म्हणाली, "आणि हसायला आलं तर हसायचं. अंग सैल होतं."

आमच्याकडे माझे वडील असतात. वय अठ्ठ्याहत्तर. ते रोज दुपारी तीन ते पाच मारुतीच्या देवळात त्यांच्या वयाच्या मंडळींबरोबर बसतात. त्या रविवारी बाबांची काठी फाटकापलीकडे गेली आणि सुरेखाने दाराला कडी घातली. मी चष्मा लावून पान हातात घेतलं.

"उशी कुठं घेऊ?" तिने विचारलं.

"गुडघ्यांमध्ये. माझ्याकडे पाठ कर. चित्रातल्या बाईचं तोंड डावीकडं आहे."

"ह्यातली बाई कुठली?"

मी निरखून पाहिलं. दोन्ही गोल सारखेच होते. "पुढची असावी."

"असावी म्हणजे? बघा नीट. नाहीतर मी तुमचा व्यायाम करायची आणि तुम्ही माझा."

तिला हसू फुटलं. तिचं बघून मला फुटलं आणि हसताना माझ्या कंबरेतून अशी कळ गेली की हातातलं पान सुटलं आणि पंख्याच्या वाऱ्याने पलंगाखाली गेलं. ते काढायला दोघांपैकी एकालाही वाकता येत नव्हतं. मग आम्ही तसेच पडून राहिलो, उशीबिशीसकट. पाच महिन्यांनी तिच्या केसांतल्या तेलाचा वास माझ्या नाकाशी आला. खालच्या फळीवर मी किती एकटा पडलो होतो, हे मला तेव्हा कळलं. पुढचं सांगत नाही. आकृती एक चांगली आहे, एवढंच सांगतो.

झाडूने ओढून काढलेलं पहिलं पान सुरेखाने गादीखाली ठेवलं. दुसरं मी पुढच्या रविवारसाठी माझ्या एक्स-रेच्या पाकिटात सरकवलं.

गुरुवारी सकाळी चहा पिताना बाबांनी विचारलं, "वसंता, तू आताशा बरा चालतोस रे. कशानं फरक पडला?"

"व्यायामानं," मी म्हणालो.

"कागद देतात का त्याचा?"

"देतात ना. पाकिटात आहे," मी म्हणालो आणि शाळेत गेलो. मला म्हणायचे होते ते पाय उचलायचे व्यायाम. तो कागदही त्याच पाकिटात होता. दुपारी चारच्या सुमारास घरी आलो तर सुरेखा हातात पाकीट धरून उभी. पाय उचलायचा कागद आत होता. चार ते सात गायब होत्या.

पाच महिन्यांत मी पहिल्यांदा पळालो.

देवळाच्या सभामंडपात चटई अंथरली होती. चटईवर माझे बाबा आणि त्यांचे जन्माचे मित्र नामाकाका समोरासमोर कुशीवर झोपले होते. दोघांचे डोळे मिटलेले. दोघांच्या गुडघ्यांमध्ये भजनीबुवांची एकेक बसायची गादी. बाकीचे तिघे म्हातारे भोवती बसून आपल्या पाळीची वाट पाहत होते आणि त्यांतले एक जण चष्मा कपाळावर चढवून पान वाचत होते.

"दोन्ही जोडीदारांनी सावकाश श्वास घ्यावा," ते म्हणाले.

दोघांनी सावकाश श्वास घेतला.

"हा तंबाखू खाऊन आलाय," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

"जोडीदाराला नावं ठेवू नको. भजनात टाळाला जोडीदार असतो, तसं हाय हे," नामाकाका म्हणाले. "चौथी झाली. पाचवी वाच."

"पाचवीला बिनहाताची खुर्ची पाहिजे. एकानं खुर्चीत बसायचं आणि दुसऱ्यानं..." वाचणाऱ्यांनी पान लांब धरून पाहिलं. "दुसऱ्यानं त्याच्यावर बसायचं, असं दिसतंय."

देवळातल्या सगळ्या खुर्च्या प्लास्टिकच्या आणि हात असलेल्या आहेत. कुणा देणगीदाराने दिल्या माहीत नाही, पण गावाची अब्रू त्यांनी राखली.

"चहाच्या टपरीवर स्टूल हाय," नामाकाका उठून बसत म्हणाले. "आणतो."

"नको," मी म्हणालो. आवाज इतका मोठा आला की पाचही जण माझ्याकडे पाहायला लागले. "बाबा, तो कागद द्या."

"थांब रे. अजून तीन राहिल्यात."

"ते तुमच्यासाठी नाहीत."

"आमच्यासाठी का नाय? नामाची कंबर बघ. सकाळी ताठली होती."

"मोकळी झाली बघ," नामाकाकांनी उभं राहून, कंबर हलवून दाखवली.

आता काय सांगणार? पंचवीस वर्षं शाळेत क्लार्क असल्याचा मला त्या वेळी उपयोग झाला. "मॅडमचा नियम आहे," मी म्हणालो. "एकाच्या नावाचा कागद दुसऱ्याला चालत नाही. गोळ्यांसारखं असतं ते."

नियम म्हटल्यावर बाबा नरमले. "मग तसं आधी सांगायचंस ना," ते म्हणाले आणि पान माझ्या हातात दिलं. मी घडी घालून खिशात कोंबलं. जाता जाता लक्ष गेलं. खांबाला टेकून नामाकाकांच्या पार्वतीकाकू देवासाठी वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मी शाळेतून आल्यावर, काकू घरी आल्या. मी आत चहा गाळत होतो. बाहेर बोलणं चाललं होतं.

"सुरेखा, तो कागद बघू गो."

"कुठला काकू?"

"कालचा. मी वाती वळीत होते, डोळं मिटून नव्हते. त्याच्यावर चारपासून आकडं हायत. एक ते तीन कुठं?"

मग सुरेखा हळूच म्हणाली, "काकू, तुम्हाला कळलं?"

"चौपन्न वरसं झाली लगीन होऊन. मला नाय कळणार तर कुणाला? पण ह्यांना सांगू नको हां. पाच जणं आनंदात लोळत होते बिचारे." मग त्यांचा आवाज खाली आला. "आमच्या ह्यांची कंबर धरते. माझं गुडघं. आमी आपलं सोडूनच दिलेलं सगळं. असा कागद निघतो, हे मला कुणी सांगितलंच नाय बघ."

आत माझा चहा गाळणीतून ओट्यावर सांडत होता. जो प्रश्न एसटीत हाडं खिळखिळी करून घेत शहापूर गाठल्यावरही माझ्या तोंडून निघाला नव्हता, तो काकूंनी चार घरं ओलांडून भर दुपारी विचारला होता.

आमची पानं सुरेखाने द्यायला नकार दिला. (आकृती सहा अजून व्हायची होती.) जवळच्या धसई गावात झेरॉक्स निघते, पण तिथला दुकानदार प्रत्येक कागद वाचल्याशिवाय मशीनवर ठेवत नाही. म्हणून पुढच्या तपासणीला मी एकटाच शहापूरला गेलो आणि छाती पुढे काढून मॅडमला म्हणालो, "तो जोडप्यांचा कागद आणखी एक द्या."

"हरवला का?"

"नाही. आमच्या शेजारच्या काकूंना हवाय. सत्तरीच्या पुढच्या आहेत."

मॅडमने कपाट उघडलं. पानं काढली, नीट पिन मारली, पाकिटात घातली. मग अगदी मायेने माझ्याकडे पाहिलं.

"काका, अहो लाजताय कशाला? दुसरी प्रत सगळे शेजाऱ्यांसाठीच नेतात."

"आईशपथ, खरंच शेजारी आहेत."

"हो ना," मॅडम म्हणाली. "त्यांना सांगा, घाई करायची नाही. आणि त्यांच्या कंबरेचा पट्टा जरा वर सरकलाय, तो नीट करून घ्या."

मी पट्टा नीट केला. एक्कावन्न वर्षांत या विषयावर मी पहिल्यांदाच तोंड उघडून खरं बोललो होतो, आणि मॅडमने मोठ्या मनाने मला माफ केलं.