देवी आल्या

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायको गेली, तिलाही कळलं नाही. तुम्हाला का सांगतोय? खरंच ठाऊक नाही. पण सुरुवात केली आहे, तर आता मागे फिरत नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी नौपाड्यात राहत होतो आणि सरकारी दवाखान्यातर्फे गावोगाव देवी काढत, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचत हिंडत होतो. 'देवी डॉक्टर' म्हणायचे लोक मला. डॉक्टर कसला — मॅट्रिक झालेला, पिशवीत लसीच्या नळ्या आणि टोचायची सुई घेऊन फिरणारा माणूस. पण त्या हाकेने छाती फुगायची, हे कशाला नाकारू? टोचणं हे निम्मंच काम. आठव्या दिवशी पुन्हा जाऊन प्रत्येक पोराचा दंड बघायचा, फोड आला नसेल तर पुन्हा टोचायचं, आणि कुठे रोगाची चाहूल लागली तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवायचं. लसीला ऊन सोसत नाही. चैत्रात ती वाटेतच मरायची. म्हणून तर आठवा दिवस.

दिवा स्टेशनला उतरून खाडीकाठच्या खाजणातल्या बांधावरून तासभर चालत गेलं की एक आगरी वस्ती होती. मिठागरात राबणारी माणसं. एकवीस पोरांना टोचलं मी तिथे. आणि निघताना ऐटीत बजावलंही — कुणाला ताप आला, अंगावर काही उठलं, तर लपवू नका, मला येऊन सांगा. एक म्हातारी — जानकी तिचं नाव — माझ्याकडे टक लावून ऐकत होती. तिची दोन नातवंडं होती त्यात: थोरली बाय आणि दोन वर्षांचा काशा.

आठव्या दिवशी मी दिव्याला उतरलो तेव्हा फलाटावर जानकी उभी. माझीच वाट बघत होती. जवळ आली आणि हात जोडून, ते जोडलेले हात कपाळाला लावून म्हणाली,

"दादा, आमचे बायला देवी आयल्यान."

आता इथे थोडं थांबतो. टोचलेल्या जागी फोड धरला की लोक म्हणायचे, देवी आल्या. आणि घरात तो रोग शिरला तरी म्हणायचे, देवी आल्या. रोगाला रोग म्हणायची छाती कुणाची होती? शब्द एकच. पण टोचल्याचा फोड आला म्हणून कुणी असे हात जोडून कपाळाला लावतं का? सांगा ना — लावतं?

मी ते हात पाहिले होते. मला कळलं होतं. अर्धवट नाही — पुरतं कळलं होतं.

आणि मी काय म्हणालो? "छान झालं!" असं म्हणालो मी. तोंडभरून हसून. त्या दिवशी नौपाड्यात मावसभावाची मुंज होती, दुपारी जिलबीची पंगत होती, आणि समोर तासभराचं रणरणतं खाजण. जिलबीसाठी, हो! म्हातारी माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. पुढे काही बोलायला तिने ओठ हलवले, तोवर मी परतीच्या गाडीसाठी जिना चढून पलीकडच्या फलाटावर गेलो होतो. संध्याकाळी रजिस्टरात एकवीसही नावांपुढे 'देवी उठल्या' असं लिहिलं. अक्षर माझं फार सुरेख होतं.

तीन आठवड्यांनी बातमी दवाखान्यात पोचली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांबरोबर मला जावं लागलं. घराघरावर कडुलिंबाचे डहाळे. बाय जगली होती, पण तिचा एक डोळा गेला होता. काशा नव्हता. आणखी दोन घरांतली पोरंही नव्हती. उरलेल्या पोरांचे दंड मी डॉक्टरांच्या देखत उघडून पाहिले — कोरे. एकाच्याही दंडावर खूण नव्हती. आठव्या दिवशी गेलो असतो तर त्याच दिवशी पुन्हा टोचता आलं असतं, काशालासुद्धा. बायला नाही, तिला आधीच लागण झाली होती. पण काशाला वेळ होता.

डॉक्टर चिडले होते. दडवून का ठेवलंत, म्हणून सगळ्यांदेखत जानकीवर ओरडले. ती भेदरली नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "या दादाला मी सांगलंवतं. ठेसनाव."

डॉक्टर माझ्याकडे वळले.

मला वाटत होतं, मी भला माणूस आहे. आळशी असेन, खादाड असेन, पण भला. तेवढ्या एका क्षणात मला कळलं की मी कोण आहे, आणि तो धक्का अजून ओसरलेला नाही. कारण मला विचारही करावा लागला नाही. मी अडखळलो नाही, घाम फुटला नाही. म्हटलं, "नाही साहेब. ही मला भेटलीच नाही. घाबरलीय, म्हणून काहीतरी बोलतेय."

आणि कोरे दंड? पोरांनी घरी जाऊन टोचलेली जागा धुऊन टाकली असेल, असंही मीच सुचवलं. डॉक्टरांनी मान हलवली. अहवालात गेलं — वस्तीतल्या लोकांनी रोग दडवला, लस धुऊन टाकली. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या वस्तीचं नाव निघालं की आमच्यातले लोक म्हणायचे, ती माणसं भारी लबाड. मीही म्हणायचो.

जानकीने एकदा माझ्याकडे पाहिलं, बायला कडेवर घेतलं आणि घरात गेली. ती लबाड नव्हती. मी सांगितलं होतं तसंच तिने केलं होतं. भर उन्हात तेवढं खाजण तुडवून ती मला सांगायला आली होती, आणि मी तिला म्हणालो होतो, छान झालं.