टेबलावरची अंकलिपी

१९८३ साली बार्शीच्या एसटी स्टँडवर अण्णांनी माझी ट्रंक टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "परक्याच्या घरी मान खाली असू दे बाळ, पण तोंड बंद नको." माझे वडील शिंपी, चौथी शिकलेले. त्यांच्या मशीनवर मी डॉक्टर झाले, घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. मान खाली घालणं मला इंग्लंडात, लंडनजवळच्या वॉटफर्डला, लगेच जमलं. तोंडाचं शिकायला कॅनडात जावं लागलं.

माझी मुग्धा तीन वर्षांची असताना हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे घरी येऊन मुलं तपासणाऱ्या सरकारी नर्सने, गोडीत सांगितलं, घरी इंग्लिशच बोला, नाहीतर ती स्कूलमध्ये मागे पडेल. जवळच्याच पिनर गावातली मराठी मैत्रीण म्हणाली, "अगं, मराठी बोलून तिला काय बार्शीची कलेक्टर व्हायचंय?" पण अण्णांना इंग्रजीचा गंध नव्हता. मुग्धाची मराठी गेली, की तिचे आजोबाही गेले.

त्याच वर्षी कॅनडातल्या एका खेड्यात मला वर्षभराचं डॉक्टरचं काम मिळालं. सुहास, माझा नवरा, आणि मुग्धाही आले. चहूकडे गहू, एक चर्च, एक दुकान आणि फायर इंजिनच्या शेडला लागून म्युनिसिपालिटीचं ऑफिस. भोवती सगळी इंग्रजी वस्ती. या खेड्यातले लोक मात्र फ्रेंच बोलणारे. शेजारच्या मादाम लूसी छान इंग्लिश बोलायच्या, पण म्युनिसिपालिटीच्या मीटिंगला उभ्या राहिल्या की फ्रेंचच. त्यांच्या लहानपणी शाळेत फ्रेंचला मनाई होती. मुग्धाला त्या हसत सांगायच्या, "इन्स्पेक्टरची गाडी दिसली की पुस्तकं डेस्कखाली! गाडी गेली की पुन्हा वर!" मुग्धा तो खेळ तासन्‌तास खेळायची. मला वाटायचं, बंदी असताना यांनी भाषा सोडली नाही, आणि आम्ही नुसत्या सल्ल्याने घाबरलो?

परतल्यावर मी नियम केला: मराठीत मागेल त्यालाच पोळी. "पास द बटर" म्हणाल्याबद्दल सुहास एकदा कोरडी पोळी खाऊन ट्रेनला पळाला.

मग एका दुपारी मुग्धाच्या रिसेप्शन क्लासच्या, म्हणजे शाळेतल्या पहिल्या वर्गाच्या, टीचर तिथल्या रीतीप्रमाणे घर बघायला आल्या. अण्णांनी पाठवलेली अंकलिपी घेऊन मुग्धा टेबलाशी बसली होती. खिडकीतून गाडी दिसताच तिने ती टेबलक्लॉथखाली सरकवली. "आई, इन्स्पेक्टर आली!"

मी टेबलक्लॉथचं टोक उचललं.

"वर काढ," मी म्हटलं. "आपल्या घरात काही लपवायचं नाही."

टीचरनी चहा घेतला, पुस्तक पाहिलं आणि तोच सल्ला दिला. मी मनापासून थँक यू म्हटलं. त्यांना खरंच काळजी होती. "इंग्लिश तुम्ही शिकवा, उत्तम शिकवाल. मराठी आम्ही बघू. मुग्धा, वाच गं. मोठ्याने."

"क कमलाचा," मुग्धा ओरडली.

त्या दुपारपर्यंत वॉटफर्ड माझा नुसता पत्ता होता.

रविवारी अण्णांशी फोनवर तिने बढाई मारली, "आजोबा, मी तुमची पुस्तक वाचली, इन्स्पेक्टरला!" पिनरच्या मैत्रिणींनो, हसा खुशाल. माझी मुलगी चुकते, पण माझ्या घरात बोलते, आणि बार्शीत अण्णांना कळतं.