पेटीतला वरचा आंबा

भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल, चार लाकडी फळं आणि टंकलिखित कागद होता. फळं परदेशातून परत आली होती आणि कागदावर सावंतवाडीच्या आबा चितारींची सही आणायची होती. सही घेतल्याशिवाय परतू नका, असं आमच्या शेठनी बजावलं होतं. खरं तर बजावायची काही गरज नव्हती, मी आधीच पेटलेलो होतो.

आमची गिरगावातली पेढी लाकडी खेळणी बाहेरदेशी पाठवायची आणि मी तिथला पत्रव्यवहार नि खरेदी सांभाळायचो. त्या वर्षी आबांच्या हातचे आंबे, केळी, सीताफळं भरून तीन पेट्या पाठवल्या. तिकडच्या सरकारी प्रयोगशाळेत रंग खरवडून पाहिला तर त्यात शिसं निघालं. लहान मूल खेळणं तोंडात घालतं आणि शिसं हे विष, म्हणून सगळा माल बंदरातच जाळून टाकला. चार नग तेवढे अहवालासोबत परत पाठवले. गंमत म्हणजे तिन्ही पेट्यांवर मालवणच्या निर्यात तपासणी कचेरीचा जांभळा शिक्का होता: ‘तपासले, निर्यातीस योग्य’. तो आठवला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मला सही हवी होती ती या मजकुराखाली: ‘रंग मी माझ्या मर्जीने वापरला.’

डेकवर माझ्या शेजारी मालवणची एक बाई बसली होती, मांडीवर वर्षाचं मूल. टॉवेल काढताना आंबा पिशवीतून घरंगळला. लालपिवळा, चकचकीत. मुलाने झडप घालून तो थेट तोंडाकडे नेला आणि मी हिसकावून घेतला. मूल कळवळून रडायला लागलं. खेळण्यासाठी नाही तो, असं मी जरा जोरातच म्हणालो.

बाई माझ्याकडे बघत राहिली. “मगे कित्याक केलास?” (मग कशाला केलात?) तिने शांतपणे विचारलं.

मी तोंड फिरवून समुद्र बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी समोर सिंधुदुर्गाचा तट दिसू लागला आणि बोटीने नांगर टाकला. मालवणला बोट धक्क्याला लागत नाही. शिडीवरून पडावात (मोठ्या होडीत) उतरायचं आणि पडाव वाळूत रुतला की पाण्यातून चालत किनारा गाठायचा. मी चप्पल हातात घेऊन उतरलो आणि एका लाटेने कमरेपर्यंत भिजलो. कागद मेणकापडात होता म्हणून वाचला. पडाववाला हसला, तसा मी त्याच्यावरही खेकसलो. त्याने ते मनावर घेतलं नाही आणि पिशवी माझ्याआधी वाळूवर नेऊन ठेवली.

बंदराजवळच्या खाणावळीत उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी मिळाली. जेवण असं होतं की दुसरा कोणी असता तर त्याचा राग तिथेच उतरला असता. मी दोन वाट्या सोलकढी प्यालो आणि तसाच धुमसत तपासणीच्या कचेरीत गेलो.

कचेरी म्हणजे कौलारू घराची पुढची खोली. सुकी कोलंबी नि काजूगर तपासायला उघडलेली, त्यात खेळणीही ढकललेली. तपासनीस तिशीतला, घाटावरचा, अगदी टापटीप माणूस. मी आंबा टेबलावर आपटला आणि हा योग्य कसा ठरवलात, असं विचारलं. त्याने तो उचलला, उलटसुलट केला आणि कपाट उघडलं. प्रयोगशाळेतून परत आलेला, नियमाप्रमाणे जपून ठेवलेला नमुना बाहेर काढला. तोही आंबाच होता, पण मंद रंगाचा, हाताला मऊ लागणारा. तिन्ही पेट्यांतून एकेक नग प्रयोगशाळेत पाठवला होता, शिसं औषधालाही सापडलं नव्हतं. कागद दाखवले त्याने.

नग कुठून घेतले, मी विचारलं.

“पेटी उघडली की वर जो होता तो.”

“खाली हात घालावासा वाटला नाही?”

“नियमात एक नग म्हटलंय. कुठला ते म्हटलेलं नाही,” तो म्हणाला. मग त्याने दोन्ही आंबे शेजारी शेजारी ठेवले. हळूहळू त्याचा चेहरा लाल होत गेला. वर चांगला माल, खाली खराब. बाजारातला आंबेवाला करतो तेच. म्हणजे चिताऱ्याने आपल्याला फसवलं, तो म्हणाला. शनिवारच्या टपालाने तो वर कळवणार होता, की या कारागिराचं नाव यादीतून काढावं आणि त्याचा माल पुन्हा कुठल्याही बंदरातून जाऊ देऊ नये.

मला, खोटं कशाला सांगू, आनंद झाला. चोर सापडला होता आणि तो मी नव्हतो.

सावंतवाडीची एस.टी. कुडाळमार्गे. लाल धूळ, काजूच्या बागा, दर वळणावर उलटी आणणारा वास. कुडाळला टायर बसलं. सगळे उतरून फणसाखाली बसले. एका म्हाताऱ्याने पानाचा डबा पुढे केला आणि खंय जातास म्हणून विचारलं. मी आबा चितारींचं नाव घेतलं. त्यांचो हात म्हणजे देवाचो हात, तो म्हणाला. मनात आलं, देवाचा हात कसा चालतो ते आता कळेल तुम्हाला.

मोती तलावावरून चितारआळीत शिरलो. आबांच्या ओटीवर पांगाऱ्याच्या लाकडाचे ढलपे पडलेले, चुलीवर चिंचोक्याची खळ रटरटत होती. आबा सत्तरीचे, किडकिडीत, बोटांना लाख चिकटलेली. त्यांनी पाणी नि गूळ पुढे केला. मी हात लावला नाही. उभ्या उभ्या सगळं ओकलो: शिसं, जाळलेला माल, वरचा आंबा, फसवणूक. या वयात असली लबाडी शोभते का, असंही म्हणालो. घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

आबांनी ब्रश पाण्यात ठेवला. ते उठले आणि माझा हात धरून मला देवघरात घेऊन गेले. गणपतीपुढे एक लाकडी सीताफळ ठेवलं होतं. ते म्हणाले, नव्या मालातला पहिला नग देवापुढे ठेवायचा, मग घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातात द्यायचा. मुलाने तो चोखला, चावला, ओठाला रंग लागला नाही, की तो पुसून पेटीत सगळ्यांच्या वर ठेवायचा. त्यांच्या आज्यापासून हे चालत आलं होतं. बाकीचे नग त्याच्या मागून जातात, अशी त्यांची समजूत. कोणी तोच उचलून तपासेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

“मग त्याला तरी तोच रंग का नाही लावला?” मी अजून वरच्या पट्टीतच होतो.

“तुमच्या डब्यातल्या रंगाक वास येता,” आबा म्हणाले. “तो देवाफुडे कसो ठेवतलंय? आनी चेडवाच्या तोंडात कसो देतलंय?” (चेडू म्हणजे मुलगी, त्यांची दहा महिन्यांची नात ओटीवर रांगत होती.)

तुमच्या डब्यातला.

आबांनी गणपतीच्या मागून एक घडी काढून माझ्या हातात दिली. अक्षर माझं, खाली सहीही माझीच. ‘आपला घरगुती रंग व लाख फार मंद दिसते. बाहेरच्या गिऱ्हाइकास चकाकी हवी. सोबत रंगाचे डबे पाठवले आहेत, तेच वापरावेत.’ हे पत्र मी विसरून गेलो होतो, असं इथे लिहायचा माझा विचार होता. विसरलो नव्हतो. मशीद बंदरच्या दुकानातून ते डबे मीच उचलले होते, चकाकी बघून. वर पोरांना हा वास चालेल काय, असं विचारणारं आबांचं कार्डही आलं होतं. ते मी फायलीत टाचलं आणि उत्तर द्यायचं राहून गेलं.

“चूक माझीय आसा,” (माझीही आहे) आबा म्हणाले. “जबाब येवक नाय, तरी मियां रंग लावलंय. आमच्या चेडवाक दिलंय नाय, लोकांच्या पोरांका धाडलंय.”

त्यांनी माझा टंकलिखित कागद मागितला, चष्मा लावून सावकाश वाचला आणि सहीसाठी टाक मागवला. ते खरंच सही करणार होते. तेव्हा मला जो संताप आला तसा आयुष्यात आला नव्हता. दुसऱ्याच्या कपाळावर शिक्का मारायला मी बोटीने आलो होतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या हुबेहूब माझ्याच. मी कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला, चार तुकडे केले आणि चुलीत घातले. मग गूळ खाल्ला, पाणी प्यालो.

निघताना मी पत्र न्यायला मागितलं. त्यांच्याजवळचा तो एकच पुरावा होता. त्यांनी दिला. वर नातीने चावलेला लाखेचा आंबा हातात ठेवला.

शुक्रवारी मालवणात उतरलो. एस.टी. थांब्यापासून कचेरीपर्यंत शंभरदा मनात आलं की पत्र समुद्रात टाकावं. कोणाला कळणार होतं? नोकरी जाईल, शेठ दाराशी उभं करणार नाहीत, सगळं सगळं दिसत होतं. शिव्या घालत होतो. शेठला, तपासनिसाला, रंगवाल्याला. कितीही घातल्या तरी पत्राखालची सही बदलत नव्हती.

तपासनिसाने पत्र दोनदा वाचलं. आबांविरुद्ध लिहिलेला मसुदा त्याने फाडला आणि पुढच्या वेळी पेटी तळापासून उपसेन, असं पुटपुटला. मग माझ्याकडे न बघता शिक्का शाईत बुडवला आणि माझ्या सहीशेजारी उमटवला: ‘मिळाले’. तोच जांभळा रंग.

दुपारी परतीच्या बोटीवर चढलो. डेकवर जागा मिळाली तिथे पिशवी उघडून आबांचा आंबा काढला. आधी नाकाला लावून पाहिला. ओला टॉवेल त्यावर घासून पाहिला. टॉवेल पांढराच राहिला. इतकी वर्षं खेळणी विकली, पण एकही कधी हुंगून पाहिलं नव्हतं. त्या आंब्यावर शिक्का नव्हता. देठाजवळ दोन इवल्या दातांच्या खुणा होत्या.

राग अजून होताच, आजही आहे. शेजारच्या कुटुंबातली एक पोर रांगत आली आणि आंबा उचलून तिने थेट तोंडात घातला. तिची आई घाईने हात पुढे करू लागली.

“असू दे, बाई,” मी म्हणालो. “खेळण्यासाठीच केलाय.”