डिंकनानांची खोली

डिंकनाना कुठलाही डिंक आधी चाटून बघत. "जो जिभेवर ठेवता येत नाही, तो पोरांच्या वह्यांना कशाला लावायचा?" असं विचारून ते बाजारातल्या सिंथेटिक डिंकाची बाटली दोन बोटांनी, मेलेला उंदीर उचलावा तशी, बाजूला ठेवत. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत आणि मी मराठी. दोन्ही विषयांचा उपयोग संस्थाचालकांना सारखाच संशयास्पद वाटे, म्हणून आमची मैत्री जमली.

नानांना ध्यास होता चिंचोक्यांच्या डिंकाचा. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवून वाटायचे, शिजवायचे. "चिंचोके उकिरड्यावर फेकायचे आणि चिकटपणा तेलाच्या विहिरीतून काढायचा! काय अक्कल शे ही!" रागावले की ते अहिराणीत उतरत. हा सगळा उद्योग सायकल स्टँडमागच्या व्हरांड्यात स्टोव्हवर चाले. वारा आला की स्टोव्ह विझे, घंटा झाली की सायकली अंगावर येत. त्यांना हवी होती फक्त एक खोली. जिमखान्याच्या मोडक्या खुर्च्यांना ती मिळाली होती, नानांना मिळत नव्हती. प्राचार्यांचं म्हणणं, "नाना, डिंकानं कॉलेजचं नाव होत नसतं."

संधी दिली ती कॉलेजच्या रौप्यमहोत्सवानं. मंत्री येणार होते. मंचामागच्या मखमली पडद्यावर हातभर उंचीची सोनेरी अक्षरं चिकटवायची ठरली आणि नानांनी ते काम मागून घेतलं. "अक्षरं कार्यक्रमभर टिकली तर खोली तुमची," प्राचार्य म्हणाले. काम फुकटात होणार असलं की ते उदार होत.

अडचण उन्हाची होती. खानदेशातला मार्च. नुसती खळ वाळून तडकते आणि अक्षर कडेनं सुटून कान पाडतं. नानांनी डिंकात गूळ घातला. त्यानं तो लवचिक राहतो. मी भीत भीत म्हटलं, "नाना, बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात. किडामुंगी लागत नाही."

"मोरचूद विष शे, भाऊ. मग चाटणार कोण?"

"मंत्री चाटणार आहेत का?"

"मी तत्त्वाचं बोलतोय."

तत्त्वापुढे माझं कधीच काही चाललेलं नाही.

सोहळ्याच्या सकाळी अक्षरं फारच ठळक दिसत होती. प्रत्येक सोनेरी अक्षराला बारीक काळी किनार आली होती. "वा, कलात्मक!" प्राचार्य दारातूनच म्हणाले. ती किनार चालते आहे, हे मला पहिल्या रांगेत बसल्यावर दिसलं. प्राचार्यांनी पाहुण्यांचा परिचय सुरू केला आणि मुंगळ्यांची एक तुकडी पडद्यावरून उतरून मंत्र्यांच्या सोफ्याकडे वळली. मंत्र्यांनी आधी मान चोळली, मग पाठ, मग ते उभेच राहिले. "मंत्रिमहोदय भारावून गेले आहेत," प्राचार्य माइकवर म्हणाले. भारावलेले मंत्री झब्बा झटकत थेट गाडीत जाऊन बसले. भाषण झालंच नाही, आणि त्या वर्षातल्या सर्वांत मनापासूनच्या टाळ्या मी ऐकल्या.

मांडव रिकामा झाल्यावर नाना मंचावर चढले. एकेक अक्षर ओढून पाहिलं आणि खाली उभ्या प्राचार्यांना विचारलं,

"सर, एक तरी पडलं का?"

"नाना, खोलीचं विसरा."

"पण आपलं अक्षरांचं ठरलं होतं. मुंगळ्यांचं काही ठरलं नव्हतं."

प्राचार्य निघून गेले. नाना बराच वेळ सोफ्यावर बसून राहिले. मुंगळे चावत असणार; नाना हलले मात्र नाहीत.

निवृत्तीपर्यंत स्टोव्ह सायकल स्टँडमागेच राहिला. मग नाना साक्रीजवळच्या गावी, थोरल्या भावाकडे, आबांकडे गेले. मी भेटायला गेलो तर चहाच्या आधी मला गोठ्यात नेलं. अर्ध्या गोठ्यात गाय, अर्ध्यात फळी, पातेली, बरण्या. "मिळाली खोली," ते म्हणाले. "गाय थोडी सरकली. तिला संस्थेचा ठराव लागला नाही."

नाना गेल्यावर त्या गावी पुन्हा एकदा गेलो. फळी, बरण्या आवरून ठेवलेल्या होत्या आणि गोठा सगळा मोकळा होता. गाय मात्र अंग चोरून आपल्या अर्ध्यातच बसली होती. मी बघतोय हे पाहून थोरले आबा म्हणाले, "कितलं बी ओढा, तठे बसत नही, भाऊ. नानानी जागा शे ना ती."